चौसष्टपैकी सत्तेचाळीस

दिघे सरांच्या वर्गाचं दार कधी बंद नसे. तास साडेसातचा. पावणेआठला या, आठला या, कुणी अडवत नसे. मागच्या बाकावर बसा, ऐका, प्रश्न विचारा, उत्तर मिळे. फक्त हजेरी सात पस्तीसला संपलेली असे आणि त्यानंतर आलेल्याच्या नावापुढे अनुपस्थितीचा 'अ' पडलेला असे. "तुम्ही वर्गात आहात, हजेरीत नाही," एवढं ते सांगत. आवाज न चढवता, गाडीची वेळ सांगावी तसं.

इंदूरमधल्या एका खासगी विधी महाविद्यालयात ते संविधान शिकवत. एलएल.एम.चे वर्ग सकाळी भरत, कारण शिकणारे बहुतेक वकील होते आणि साडेदहाला त्यांना कोर्टात पोचायचं असे. मी महाराष्ट्रातून बदली होऊन इथल्या एका दैनिकात आलो होतो आणि कोर्टाच्या बातम्या करत होतो. एलएल.बी. आधीच झालं होतं, पुढचंही करून टाकावं म्हणून प्रवेश घेतला. वर्गात आम्ही बावीस जण होतो. दिघे सरांच्या निवृत्तीला तेव्हा वर्ष उरलं होतं.

उंची बेताची, अर्ध्या बाहीचा बुशशर्ट, खिशात शाईचं पेन. महाविद्यालयाच्या छापील तक्त्यावर इंग्रजीत 'पी' आणि 'ए' लिहायची पद्धत होती. सर स्वतःच्या लांबट, जाड पुठ्ठ्याच्या वहीत 'उ' आणि 'अ' लिहीत. नाव पुकारताना वडिलांच्या नावासकट पूर्ण पुकारत. बावीस पूर्ण नावांना बरोबर पाच मिनिटं लागत. घराणं होळकर दरबारात कारकुनी केलेलं. "आमच्याकडे तलवार कुणी धरली नाही, आम्ही लिहून ठेवणारे," असं ते एकदा म्हणाले. मराठी माणूस भेटला की मराठीत बोलत, वर्गात हिंदीत, कायदा इंग्रजीत.

महाविद्यालयासमोरच्या गाडीवर ते सव्वासातला उभ्याने पोहे खात, शेव न घालता. इंदूरमध्ये हे जवळजवळ संशयास्पद वागणं आहे. पोहेवाला रोज म्हणे, "सरजी, बिना सेव का पोहा तो बीमार आदमी खाता है." सर म्हणत, "तो मान लो बीमार हूँ." रोजचा संवाद. त्यात दोघांपैकी कुणीही कधी एक शब्द बदलला नाही.

वर्गात कुणी नियम सांगितला, निकाल सांगितला, अगदी सुट्टीची बातमी सांगितली, तरी त्यांचा एकच प्रश्न असे: "पढ़ा है या सुना है?" वकील मंडळी हसत. ऐकलेलं असेल तर सर ते फळ्यावर लिहू देत नसत.

पहिल्या दिवशी त्यांनी आमचे प्रवेशअर्ज मागवून घेतले होते. अर्जासोबत प्रत्येकाचं प्रतिज्ञापत्र होतं, कारण नियमित विद्यार्थ्याने पूर्णवेळ नोकरी करू नये असा विद्यापीठाचा नियम होता. सरांनी त्यातलं एक मोठ्याने वाचलं. 'मी शपथेवर लिहून देतो की, मी कोणत्याही ठिकाणी पूर्णवेळ नोकरी करीत नाही.' मग त्यांनी वर पाहिलं.

"जो नौकरी नहीं करते, हाथ उठाएँ."

सगळे हात वर झाले. माझाही. त्या दिवशी माझ्या नावाच्या दोन बातम्या छापून आल्या होत्या आणि तो अंक सरांच्या टेबलावर होता. त्यांनी अंकाची घडी घातली, अर्ज परत पाठवले आणि शिकवायला सुरुवात केली. पुढे या विषयावर ते कधी बोलले नाहीत. हात कुणी वर केले हे त्यांनी पाहून ठेवलं, एवढंच.

एकदा त्यांची स्कूटर वाटेत पंक्चर झाली आणि ते सात चाळीसला पोचले. त्यांनी तास घेतला, पूर्ण घेतला, पण वहीत तो 'झाला नाही' असा लिहिला. तोच तास पुन्हा रविवारी घेतला. रविवारी चौघं आले. ज्यांना शिक्षकाची दहा मिनिटं माफ करायची होती, त्यांनाही त्यांनी ती करू दिली नाहीत.

आता महाविद्यालयाची पद्धत सांगायला हवी. विद्यापीठाचा नियम प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के उपस्थितीचा. त्याखाली गेलेला परीक्षेला बसू शकत नाही, अपवाद फक्त आजारपणाचा. प्रत्यक्षात कार्यालयात एक 'फेअर रजिस्टर' असे आणि शनिवारी वकील मंडळी येऊन त्यात आठवड्याच्या सह्या करून जात. त्याला शनिवारची सही म्हणत. चहा येई, कोर्टातल्या गप्पा होत, वीस मिनिटांत आठवडा भरून निघे. हे सगळं सांभाळणारे अधीक्षक तिवारीजी होते. माणूस मनमिळाऊ, कुणाचंही काम अडू न देणारा. नितीन नावाचा एक वकील आमच्या वर्गात होता. महाविद्यालयाच्या कार्यकारिणीत त्याचे काका होते. तो तिवारीजींना इंदुरी थाटात 'भैया'चं 'भिया' करून म्हणे, "भिया, आज दो हफ्ते की एक साथ निपटा दो, सोमवार को जबलपुर जाना है." तिवारीजी पुढच्या आठवड्याचंही पान उघडून देत.

दिघे सरांच्या वहीतली संख्या या फेअर रजिस्टरमध्ये उतरवली जाई तेव्हा ती वाढत असे. सर्वांना माहीत होतं. सत्राच्या शेवटी माझी उपस्थिती त्यांच्या वहीत चौसष्टपैकी एकतीस होती, रजिस्टरमध्ये एक्कावन्न. नितीनची वहीत तेरा होती, रजिस्टरमध्ये त्रेपन्न.

ज्योती जाधव पाच आठवडे उशिरा आली. प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिचं नाव लागलं होतं. इंदूरजवळच्या सांवेरची. तिचे पूर्वज कधीकाळी होळकरांच्या फौजेत होते, आता घरची सोयाबीन आणि गव्हाची शेती. घरात मराठी बोलणारी ती आणि तिची आई, बाकीचे हिंदीवर गेलेले. सहा वाजताची बस पकडून ती येई. वर्गात खऱ्या अर्थाने पूर्णवेळ विद्यार्थिनी ती एकटीच होती. राऊकडच्या एका महाविद्यालयाने तिला सांगितलं होतं की एलएल.एम. करून ये, शिकवायला घेतो. तेवढ्यासाठी ती आली होती आणि ते ती लपवत नसे.

पहिल्या दिवशी ती टेबलाजवळ गेली तेव्हा मी तिथेच होतो.

"चौदा तास झालेत," सर म्हणाले. "टिपणं देतो. तास देता येणार नाहीत."

"सर, ते माझ्या अटेंडन्समध्ये पकडतील काय? माझं ॲडमिशनच तेव्हा नव्हतं."

"नियमात लिहिलेलं नाही."

"मग कसं होणार?"

"लिहिलेलं नसेल तर विचारता येतं. वेळ आली की विचारू."

वेळ येण्याआधी विचारायला चार महिने होते. त्या चार महिन्यांत विद्यापीठाला एक पत्र गेलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. सरांना वाटलं, रोज येणाऱ्या मुलीचा हा प्रश्न आपोआपच उरणार नाही. त्यांनी आयुष्यात ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, पण हा अंदाज मात्र तपासला नाही.

ती रोज आली. राहिलेल्या पन्नास तासांपैकी दोनदा तिची आई दवाखान्यात होती म्हणून चुकली. एकदा सांवेरच्या रस्त्यावर सोयाबीनची ट्रॅक्टर-ट्रॉली उलटल्याने बस अडकली आणि ती सात पन्नासला वर्गात शिरली. त्या दिवशी तिने दोन प्रश्न विचारले. सरांनी दोन्हींची उत्तरं दिली. दुसऱ्या प्रश्नाला ते "चांगला प्रश्न आहे" असंही म्हणाले, जे ते सहसा म्हणत नसत. वहीत 'अ'.

चौसष्टपैकी सत्तेचाळीस. पंचाहत्तर टक्क्यांना अठ्ठेचाळीस लागतात.

दरवर्षीप्रमाणे हेही रजिस्टरमध्ये वाढलं असतं. पण त्या वर्षी कुणीतरी विद्यापीठाकडे निनावी तक्रार केली की इथे एलएल.एम.ची हजेरी खोटी असते. परीक्षेच्या दोन आठवडे आधी तपासणी समिती येणार असं पत्र आलं. समितीने मागवलेल्या कागदांत एक होता: अपुऱ्या उपस्थितीमुळे परीक्षेला बसू न दिलेल्या विद्यार्थ्यांची यादी. महाविद्यालयाकडे अशी यादी नव्हती. अनेक वर्षांत कुणालाच अडवलं नव्हतं. प्राचार्यांनी तिवारीजींना बोलावलं आणि यादीत निदान एक तरी नाव असलं पाहिजे असं सांगितलं.

तिवारीजींना त्या मुलीबद्दल वाईट वाटत होतं, हे नोंदवायला हवं. ते आधी तिच्याकडेच गेले. "बेटा, मेडिकल ले आ. पीलिया लिखवा ले, पीलिया में पंद्रह दिन मिल जाते हैं." ती सरांना विचारायला आली.

"सर, तिवारीजी मेडिकल आणायला बोलले. आणू का?"

"कावीळ झाली होती?"

"नाही सर."

"मग?"

दुसरं कुणी असतं तर सरांना विचारायलाच आलं नसतं. बावीस जणांत सरांचं म्हणणं खरं मानणारी ती एकटी होती आणि तेच तिला महागात पडलं. तिने सर्टिफिकेट आणलं नाही.

मग तिवारीजी स्वतः सरांकडे आले. शिक्षकांच्या खोलीत मी सरांकडून एक पुस्तक परत घ्यायला थांबलो होतो. तिवारीजींनी वही उघडून त्या तारखेवर बोट ठेवलं.

"सर, ये एक 'अ' है. इसको बदल दो तो लड़की अड़तालीस पे आ जाती है. फिर मैं किसी और का देख लूँगा."

"उस दिन हाज़िरी हुई तब वो नहीं थी."

"पर बैठी तो थी, सर. पूरा पीरियड."

"बैठी थी."

"तो?"

"हाज़िरी सात पैंतीस तक की है."

"सर, ये आपका नियम है. विश्वविद्यालय का थोड़ी है."

दिघे सरांनी वही आपल्याकडे ओढली. मला वाटलं, ते पेन काढतील. "एक के लिए बदलूँ तो बाकी इक्कीस की हाज़िरी का क्या मतलब," ते म्हणाले आणि वही बंद केली.

तिवारीजी बाहेर येऊन माझ्याशी बोलले. बाकीच्यांना का नाही, असं मी विचारलं. त्यांनी समजावून सांगितलं, अगदी सरळपणे. "तेरह वाले को रोकेंगे तो कमेटी पूछेगी, ये लड़का साल भर था कहाँ, तुमने क्या किया. और वकील है, दूसरे दिन स्टे ले आएगा. सैंतालीस वाली को रोको तो दिखता है कि कॉलेज एक पीरियड भी नहीं छोड़ता. साँवेर से कोई लड़ने नहीं आएगा, भिया."

समितीने सरांच्या वहीतल्या ज्योतीच्या नोंदीची छायाप्रत घेतली. फक्त तिच्याच. बाकी सर्वांसाठी फेअर रजिस्टर पाहिलं. अहवालात महाविद्यालयाच्या काटेकोरपणाबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. ही बातमी होती. मी ती लिहिली नाही. रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे एक्कावन्न लिहिलेलं होतं.

सरांनी ज्योतीसाठी चार पानी अर्ज लिहिला. उशिरा प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची उपस्थिती प्रवेशाच्या दिवसापासून मोजली पाहिजे, तशी मोजली तर पन्नासपैकी सत्तेचाळीस, म्हणजे चौऱ्याण्णव टक्के होते. अर्ज उत्तम होता. एकही शब्द जास्त नव्हता. ते स्वतः तो घेऊन विद्यापीठात गेले, पोच घेतली, ज्योतीला सांगितलं, "अभ्यास चालू ठेव." तिने ठेवला. परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती केंद्राच्या फाटकापर्यंत आली होती, प्रवेशपत्र येईल या आशेवर. आम्ही एकवीस जण आत गेलो. नितीनने जाताना तिच्याकडून टिपणं मागून घेतली, शेवटची नजर टाकायला. तिने दिली.

विद्यापीठाचं उत्तर परीक्षेनंतर पाच आठवड्यांनी आलं. प्रकरण अभ्यास मंडळाकडे पाठवलं आहे.

पुढच्या वर्षी ती पुन्हा प्रवेश घ्यायला आली तेव्हा कळलं की संविधान या विशेष विषयाचा गट या वेळी चालणार नाही. गट चालायला ठराविक विद्यार्थी लागतात, तेवढे झाले नाहीत. दुसरा गट घ्यायचा तर सगळं पहिल्यापासून, आणि दिघे सर तोवर निवृत्त झाले होते. तिने अर्ज भरला नाही. राऊच्या महाविद्यालयात दोन वर्षांनी नितीन शिकवायला लागला. वकिली सांभाळून जातो. तिथे आता अंगठ्याच्या मशीनवर हजेरी होते आणि त्या मशीनचा प्रभारी तोच आहे.

निवृत्तीनंतर सर विजय नगरला मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. मी अधूनमधून जात असे. एकदा मी विचारलं की फेअर रजिस्टरचं त्यांना माहीत होतं की नाही.

"ते माझं नव्हतं," ते म्हणाले.

"पण सही तुमची असायची, सर. प्रत्येक सत्राच्या रजिस्टरवर."

"पहिल्या पानावर. सत्र सुरू होताना."

"तेव्हा आत काय असायचं?"

"कोरं असायचं."

मग त्यांनी स्वतःच वाक्य पूर्ण केलं. "कोऱ्या रजिस्टरवर सव्वीस वर्षं सही केली. वाचायला त्यात काही नव्हतं." सुनेने चहा आणला. त्यांनी तो घेतला नाही.

ते विद्यापीठाला पत्रं लिहीत राहिले. माहिती अधिकारात अर्ज केले, अपिलं केली. अभ्यास मंडळ, मग विद्या परिषद, मग पुन्हा मंडळ. चौथ्या वर्षी परिपत्रक निघालं: विलंबाने प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याची उपस्थिती त्याच्या प्रवेशाच्या दिनांकापासून मोजावी. आगामी सत्रापासून लागू. सरांनी मला फोन केला. "सांवेरला जायचं आहे. तुमची गाडी आहे का?"

ज्योती तहसील कचेरीच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसते. टेबल, दोन बाकं, टाइप करणारी एक मुलगी. जमिनीच्या नामांतरांचे, म्हणजे फेरफारांचे, आणि वाटण्यांचे अर्ज. आम्ही गेलो तेव्हा बाकावर तिघं होते.

"या सर," ती म्हणाली, उठून उभी राहिली. "बसा थोडं. यांचं निपटवून देते."

सर बाकाच्या टोकाला बसले. चाळीस मिनिटं गेली. मग तिने खुर्ची वळवली आणि सरांनी परिपत्रक पुढे केलं. तिने ते वकिलासारखं वाचलं, आधी शेवटचा परिच्छेद.

"आगामी सत्रापासून," ती म्हणाली. "म्हणजे मला नाही."

"नाही. पूर्वलक्षी नाही."

"चांगलं झालं सर. पुढच्यांच्या कामी येईल." तिने कागद परत दिला.

सरांनी पिशवीतून ती जाड पुठ्ठ्याची वही काढली. पान आधीच खूण घालून ठेवलं होतं. पेनाचं टोपण काढलं. "हा एक तास," ते म्हणाले. "तू होतीस. तुझ्यासमोर दुरुस्त करतो, तारीख घालून सही करतो."

ज्योतीने पान पाहिलं. आपल्या नावाच्या ओळीवर तिचं बोट शेवटपर्यंत गेलं.

"राहू द्या सर," ती म्हणाली. "ओव्हररायटिंग होईल. खराब दिसेल."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर सरांना सोपं गेलं असतं. तेवढ्यात आतून शिपायाने तिच्या पक्षकाराचं नाव पुकारलं. तिने फाइल उचलली, "चहा घेऊन जा," असं टाइप करणाऱ्या मुलीला ऐकू जाईल असं म्हणाली आणि आत गेली.

मी गाडी सावलीतून काढायला गेलो. वळून पाहिलं तेव्हा सर तसेच बसले होते, मांडीवर वही उघडी, उजव्या हातात पेन. शेजारी नुकताच येऊन बसलेला एक शेतकरी त्यांना विचारत होता, "बाबूजी, आपका नंबर मेरे पहले है क्या?"

"नहीं," दिघे सर म्हणाले, "मेरा काम हो गया." पण ते उठले नाहीत.